हळद, राख, फळा

दुपारी अडीचला मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो, खुर्ची भिंतीला टेकवतो, पाय कागदाच्या गठ्ठ्यावर टाकतो आणि डोळे मिटतो. झोप काही लागत नाही. नऊ महिने लागली नाही, आज बरी लागेल! समोर कॉम्प्युटर चालूच आहे. मिटल्या पापण्यांवर त्याचा उजेड येतोय आणि वरचा पंखा एकाच जागी अडखळत फिरतोय.

पाच वाजता व्याही येणार आहेत. माझी मुलगी केतकी, तिच्या लग्नाची पत्रिका बघायला. आणि पत्रिका झालेली नाही.

मी फलटणला सव्वीस वर्षं हाच धंदा करतोय. केतकी ग्राफिक्स, महामुनींचं दुकान, कुणालाही विचारा. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, शाळांचे पेपर, दशक्रियेची पत्रं, सगळं याच खुर्चीत बसून केलं. आणि स्वतःच्या पोरीच्या पत्रिकेपाशी माझं घोडं अडलंय. लोकांना सांगायचीही चोरी.

अडलंय ते एका नावापाशी. केतकीची आई, माझी बायको वैजयंता, नऊ महिन्यांपूर्वी गेली. वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं वडीलधाऱ्यांनी बजावलं, म्हणून ही घाई. आता पत्रिकेत तिचं नाव घालायचं की नाही? माझी थोरली बहीण सुमनताई म्हणते, "आजे-पणजे असतील तर ठीक. आईच्या नावाआधी कैलासवासी छापलंस, तर लोक मांडवात रडत बसतील. नुसतं तुझं नाव घाल." केतकी म्हणते, "आईचं नाव नसेल तर पत्रिकाच नको. मी सगळ्यांना फोन करून सांगते." दोघी हट्टी. मधल्या मध्ये मी.

बरं, नाव घालायचं ठरवलं तरी पत्रिका करायची कुठं? हसू नका. आमच्या कॉम्प्युटरला सोवळं आहे, आणि ते वैजयंतानंच घालून दिलंय.

पंधरा वर्षांपूर्वी सगळ्या फायली एकाच पसाऱ्यात असायच्या. एक रिटायर्ड हेडमास्तर वारले, त्यांच्या दशक्रियेची पत्रं घाईनं हवी होती. मी शहाण्यानं आदल्या लग्नपत्रिकेचीच फाइल उघडली, वरचा मजकूर पुसला, दुःखद निधन घातलं, चौकट काळी केली. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ राहिली. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! चिऊ, सोनू, बबड्या." दोनशे पत्रं गावात वाटली गेली.

हेडमास्तरांच्या घरी वैजयंता एकटी गेली. हात जोडून त्यांच्या ओसरीवर उभी राहिली, जे ऐकायचं ते ऐकून आली. मी इथंच मागच्या खोलीत लपलो होतो, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात तिनं कॉम्प्युटरचे तीन भाग केले. मशीन सुरू केलं की तीन गोल दिसतात. पिवळा, राखाडी, काळा. पिवळ्याचं नाव तिनं ठेवलं हळद. त्यात लग्नाचं सगळं, गणपती, तोरणं, वेलबुट्टीच्या चौकटी, आणि किलबिल नावाचा फोल्डर, त्यात पोराटोरांच्या ओळी. राखाडीचं नाव राख. तिथं मोठ्या आकाराच्या तीनच गोष्टी. समईचं चित्र, अक्षरांचा एकच टाइप, आणि दशक्रियेचा कोरा मजकूर. का, तर मयताच्या घरचा माणूस काउंटरपाशी उभा असतो, त्याला शोधाशोध करत ताटकळत ठेवू नये. काळ्याचं नाव फळा. ते शाळेच्या पेपरांसाठी. तिथं चित्र नाही, इंटरनेट नाही, आणि दोन मिनिटं हात थांबला की पडदा आपोआप बंद. फूटपट्टीनं आखल्यासारखी बाई होती.

शिवाय नियम. राखेतून हळदीत जायचं असेल तर आधी पूर्ण बाहेर पडायचं, उठायचं, मोरीत हातपाय धुवायचे, तांब्याभर पाणी प्यायचं, मगच पिवळ्यावर बोट ठेवायचं. मी खूप चेष्टा केली. "आता माऊसची मुंज कर," म्हणालो. पण पंधरा वर्षांत तशी चूक पुन्हा झाली नाही.

पंखा थांबतो. पापण्यांवरचा उजेड राखाडी होतो.

"अहो, शटर वर घ्या जरा. मला वाकता येत नाही."

मी उठतो की नाही, कुणास ठाऊक. शटर वर गेलेलं असतं आणि वैजयंता काउंटरच्या आत उभी असते. भीती वाटत नाही. उलट रागच येतो, इतका उशीर का केलास म्हणून. मग नीट बघतो. तिला रंगच नाही. ती साडी मोरपंखी होती, मला पक्कं आठवतंय, भाचीच्या हळदीत नेसली होती. आता पांढरी-काळी. ओठ, बांगड्या, कपाळाचं कुंकूसुद्धा राखाडी.

"अगं, तू अशी कशी?"

"मला विचारता? तुम्हीच केलीत. काळी-पांढरी." ती डावा खांदा पुढं करते. "आणि हे बघा. माझा हात कुठंय?"

डावा हात खांद्यापासूनच नाही. रक्त नाही, जखम नाही. नुसती गोलसर कड, लंबगोल चौकटीनं कापल्यासारखी.

तिच्या दशक्रियेच्या पत्रासाठी फोटो मीच कापला होता. भाचीच्या हळदीचा तो फोटो, त्यात तिचा डावा हात केतकीच्या खांद्यावर होता आणि गालाला हळद होती. राखेत सगळं काळं-पांढरं करायचं आणि लंबगोलात फक्त चेहरा घ्यायचा, असा शिरस्ता.

"बसत नव्हता गं हात," मी म्हणतो.

"म्हणून कापायचा? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. तिला हळद कशानं लावू मी?"

मी काउंटरवरचे कागद उगाच सारखे करतो.

"पत्रिका दाखवा," ती म्हणते.

आम्ही दोघं एका काळ्या पटांगणात असतो. शाळेचं पटांगण आहे, पण झाडं नाहीत, आभाळ नाही, घंटेचा लोखंडी तुकडा तेवढा कुठंतरी टांगलाय. मधोमध दोरीला एकच कागद लटकतोय. त्यावर वर श्री गणेशाय नमः, खाली केतकीचं नाव, जावयाचं नाव, तारीख. मधली जागा कोरी.

"ही इथं का ठेवलीत?"

"मग कुठं ठेवू? राखेत ठेवली तर पोरीला अपशकुन. हळदीत ठेवली तर तुझं..." पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. "म्हणून फळ्यावर घेतली."

"लग्नपत्रिका आहे का सहामाही परीक्षा?"

एवढ्यात सगळं अंधारून येतं. मी पाय हलवतो, परत दिसायला लागतं. ती तशीच उभी, कमरेवर एकच हात. दोन मिनिटं निवांत उभं राहायचीही सोय नाही इथं. मी जमिनीवर पाय घासत राहतो आणि ती कागद वाचते. वाचताना तिचे ओठ हलतात, ती सवय गेलेली नाही.

"मी कुठंय यात?"

"तेच तर विचारतोय तुला."

"मला कुठं ठेवलंत ते दाखवा आधी."

मी नको म्हणतो. मी खरंच नको म्हणतो, पण बाक येतो, लांबलचक भिंत येते, डेटॉलचा वास येतो. तिच्या शेवटच्या दुखण्यात अकरा दिवस मी दवाखान्यातल्या ज्या बाकावर बसून काढले, तोच बाक. भिंती राखाडी. दाराशेजारी एक समई, दारावर मोठ्या ठळक अक्षरात मजकूर, आणि मजकुराच्या वर लंबगोल भोक. तिचा चेहरा होता ती जागा रिकामी आहे, कारण ती माझ्याशेजारी बसलीय.

"किती धूळ," ती म्हणते. "येत नाही का तुम्ही इकडं?"

"नाही. तुझं पत्र केलं आणि परत आलो नाही."

"मग दशक्रियेचं गिऱ्हाईक येतं त्याला काय सांगता?"

"मशीन बंद आहे म्हणून सांगतो."

"अरे देवा! घरात मयत झालेली माणसं. त्यांना परत पाठवता?"

"त्यांचा मला कंटाळा नाही गं. राख उघडली की शेवटची फाइल तुझी येते. पहिली तीच दिसते. तुझं नाव, तुझं वय, वेळ सकाळी साडेसात, स्थळ नदीकाठ. माझ्या हातानं मी टाइप केलेलं. मला नाही बघवत."

तिच्या राखाडी साडीचा पदर माझ्या गुडघ्याला लागतोय आणि त्याला वजन नाही.

"एकटं वाटतं का हो?"

बाईनं जिवंतपणी असं कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नसतं. पण आता कुणाला लाजायचं?

"वाटतं. सकाळी चहा टाकतो तेव्हा दोन कप पाणी मोजतो आणि मग एक ओतून देतो. केतकी पुण्याला, रविवारी येते, सोमवारी जाते. दुकानात दिवसभर माणसं येतात, मी बोलतो, हसतो, सगळं करतो. पण प्रूफ वाचायला बसलो की मागं कुणी नसतं. तू मागं उभी राहायचीस, माझ्या खांद्यावर हात टाकून, 'अहो, तारीख बघा, वार चुकलाय' म्हणून ओरडायचीस. मी चिडायचो. आता चुका होतच नाहीत गं. होत असतील तरी कुणी सांगत नाही. खांदा रिकामा वाटतो, दुसरं काही नाही."

"कुठला खांदा?"

"डावा."

ती तिच्या कापलेल्या कडेकडं बघते. "हात द्या मग मला माझा. कुठं टाकलात?"

मला ठाऊक आहे कुठं आहे. मूळ फोटो हळदीत आहे, भाचीच्या फोल्डरमध्ये. मी उठतो, धावत मोरी शोधतो. दवाखान्याच्या बेसिनचा नळ फिरवतो, कोरडा. दुसरा फिरवतो, नुसता खरखर आवाज. तांब्या आहे, पालथा. मी एकेक नळ फिरवत जातो आणि मला रडू यायला लागतं, साठीच्या माणसाला शोभत नाही तसं.

"पाणी नाही," मी म्हणतो. "एक थेंब नाही. तुला मी तिकडं नेऊ शकत नाही. हात धुतल्याशिवाय राखेतून हळदीत जायचं नाही, तुझाच नियम."

वैजयंता हसते. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी काही येडचाप बोललो की ती असंच हसायची, नाकातून.

"अहो, तो नियम तुमच्यासाठी केला होता. तुम्ही वेंधळे म्हणून. उठून पाणी प्यायलात की डोकं ताळ्यावर येईल, मागची ओळ पुढं जाणार नाही, एवढ्यासाठी. मेलेल्या माणसानं लग्नाला येऊ नये, असं मी कधी म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलंस."

"मग? चला आता, उशीर होतोय."

पायाखाली शेणानं सारवलेलं लागतं. मांडव आहे, पण तोरणं जागच्या जागी थांबलेली, चौकटी दोऱ्यांना टांगलेल्या, एकाशेजारी एक सतरा गणपती रांगेत बसलेले. चिऊ, सोनू आणि बबड्या खांबांमधून धावतायत. पंधरा वर्षांत एक दिवसानंही मोठी झाली नाहीत. समोर पाटावर केतकी बसलीय, पाठमोरी. तिच्या उजव्या खांद्यावर एक हात आहे. नुसताच. हिरव्या बांगड्या, मोरपंखी साडीचा काठ, बोटं हळदीनं माखलेली. नऊ महिने तो तिथंच आहे, कुणी हलवलेला नाही.

"बघा," वैजयंता हळूच म्हणते, "पोरगी एकटी नव्हती."

ती जाऊन केतकीच्या शेजारी उभी राहते, फोटोत होती तशीच. कड कडेला लागते. मग खांद्यापासून रंग चढायला लागतो. साडी मोरपंखी होते, गळा गव्हाळ, गालावर हळद, शेवटी कुंकू. मला तिच्याजवळ जायचंय, पण मी खुर्चीत आहे. माझी खुर्ची, माझा कीबोर्ड, मांडवाच्या मधोमध. आणि ती माझ्या मागं येऊन उभी राहते. डाव्या खांद्यावर वजन पडतं. ओलसर, गार.

"वाचा," ती म्हणते.

मी वाचतो. "आमच्या येथे श्रीकृपेकरून..."

"सावकाश. तारीख बरोबर आहे? वार?"

"शुक्रवार."

"हं. पुढं."

"पुढं कोरं आहे."

"माझं नाव घाला. त्याच्या आधी जे घालतात तेही घाला. मी गेलेय, लोकांना खोटं कशाला सांगायचं? पण तुमच्या नावाच्या आधी माझं. पोरीच्या लग्नाचं बोलावणं मीच करणार."

"सुमनताई ओरडेल."

"ओरडू दे. तिला सांगा, वैजयंतानं सांगितलंय." बोटं खांद्यात जराशी रुततात. "आणि किलबिल विसरू नका. पोरं कधीची खोळंबलीत."

"वैजू, तू परत कधी..."

बीप. बीप. बीप.

लाइट गेलीय. टेबलाखालचा बॅटरीचा खोका ओरडतोय. पंखा थांबलाय आणि माझी मान अवघडलीय. शटर अर्ध्यावर आहे, त्याच्याखालून रस्त्यावरचं ऊन आत आलंय. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार. बॅटरी फार तर वीस मिनिटं चालते, तेवढ्यात फाइल व्हायला हवी.

मी फळ्यातून बाहेर पडतो. तीन गोल येतात. पिवळ्यावर बोट ठेवतो. उठत नाही, पाणी पीत नाही. गणपती घेतो, वेलबुट्टी घेतो, भाचीचा फोल्डर उघडून मूळ फोटो एकदा बघून घेतो. मग कोऱ्या जागेत टाइप करतो, कै. सौ. वैजयंता. तिच्यानंतर माझं नाव. सर्वांत खाली, आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं. पोरांची नावं भावाच्या नातवंडांची घालतो. तारीख बघतो, वार बघतो. पाचला दहा कमी असताना लाइट येते आणि प्रिंटर जागा होतो.

व्याही वेळेवर येतात. नंदकुमार पोतदार, सरळ माणूस, पण बोलण्यात चेष्टेखोर. शटरखालून वाकून आत आल्या आल्या ते थबकतात.

"काय हो महामुनी! लग्नाला महिना आहे आणि तुम्हाला आत्ताच हळद लागली?"

मी बघतो. पांढरा शर्ट, सकाळीच इस्त्री केलेला. डाव्या खांद्यावर पिवळे डाग. चार बोटं पुढच्या बाजूला. मागं हात फिरवून बघतो, अंगठा पाठीकडं. ओलं आहे अजून. दुकानात हळदीचा करंडा होता तो नऊ महिन्यांपूर्वीच केतकीनं घरी नेला.

"बायकोनं लावली," मी म्हणतो. विचार करून बोललोच नाही, तोंडातून निघून गेलं.

पोतदार माझ्याकडं बघतात. मग कागद हातात घेतात, चष्मा वर सरकवतात आणि वाचायला लागतात. मधल्या ओळीपाशी थांबतात. मी उभा आहे, डावा खांदा जराही न हलवता.

"विहीणबाईंचं नाव आधी," ते म्हणतात.

"हो. बोलावणं तिचं आहे."

"बरोबर आहे." ते कागद नीट घडी करून खिशात ठेवतात. "छापा."